रेडिएटर फॅनची वायरिंग आणि हरवलेले चार व्होल्ट : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल, शनिवार

गाडी बाबांची, २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, रेडिएटरच्या मागे एकच इलेक्ट्रिक फॅन, तोही एकाच स्पीडचा. तक्रार अशी की हायवेला तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण स्वारगेट ते कात्रज सिग्नल खात गेलं की हळूहळू वर सरकायला लागतो आणि एसी पण नेमका तेव्हाच कोमट हवा मारतो. सिग्नल सुटून गाडीने जरा वेग घेतला की दोन्ही आपोआप ठीक.

गॅरेजवाले म्हणाले, "काका, सेन्सर गेलाय, बदलून टाकू, नाहीतर फॅन डायरेक्ट करून देतो, चावी फिरवली की फिरत राहील, डोक्याला ताप नाही." बाबा तयार पण झाले होते. मी म्हटलं, बाबा जरा थांबा, सोमवारची आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, तोवर मला बघू द्या.

मला खटकलं ते एसीचं. एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो, दोघांतून जाणारी हवा एकच. गाडी पळत असताना हवा समोरून फुकट मिळते, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. म्हणजे दोन तक्रारी एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी थांबतात, तर गडबड हवेत असणार. नुसता थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) किंवा वॉटर पंप गेला असता तर एसीने असं वेळापत्रक पाळलं नसतं, आणि चढाला हायवेवरही काटा वर गेला असता.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी इंजिन गार असताना पाण्याची बाजू उरकून घेतली. कूलंट लेव्हल बरोबर, रंग ठीक, तेलाचा तवंग नाही. कॅपवर ०.९ बार लिहिलंय, रबर शाबूत. (ही कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, १०० ला नाही. म्हणूनच गरम इंजिनची कॅप उघडली की दाब एकदम जातो आणि सगळं उकळून तोंडावर येतं. गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, कितीही घाई असो.) इंजिन चालू करून वरचा होज आधी गरम झाला, थोड्या वेळाने खालचा, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय. रेडिएटरच्या जाळीत मेलेले किडे आणि माती होती ती पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने आतून बाहेर काढली, प्रेशर जोरात मारला असता तर फिन्स आडव्या झाल्या असत्या.

मग गाडी उभीच ठेवून एसी बंद करून वाट बघत बसलो. फॅन चालू झाला! रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टक आवाज आणि पाठोपाठ फॅन. म्हणजे "फॅन लागतच नाही" अशी केस नाहीये. मग सेन्सरवर संशय कशाला घ्यायचा?

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. कागदावर सर्किट काढलं, आणि ते काढल्याशिवाय मल्टीमीटर हातात घ्यायचाच नाही असं माझं मत झालंय, नाहीतर माणूस नुसता प्रोब टोचत फिरतो.

सर्किटचे दोन भाग आहेत आणि ते डोक्यात वेगळे ठेवले की अर्धं काम झालं. पहिला भाग सांगणारा. इंजिनच्या डोक्यापाशी कूलंटमध्ये बुडालेला टेम्परेचर सेन्सर असतो, तो म्हणजे एक रेझिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, साधारण २० डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास. ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) त्याला आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि मधल्या टोकाला किती व्होल्ट उरले ते वाचतो, व्होल्ट कमी म्हणजे पाणी गरम. ठरलेलं तापमान आलं की ईसीयू रिलेच्या कॉइलचं एक टोक मायनसला जोडतो. दुसऱ्या टोकाला चावी ऑन केल्यापासून प्लस आलेलाच असतो. बहुतेक गाड्यांत ईसीयू असा मायनस बाजूनेच स्विच करतो, एक छोटा ट्रान्झिस्टर पुरतो त्याला.

दुसरा भाग करणारा. बॅटरी प्लस, मोठा फ्यूज (आमच्याकडे ३० अँपिअरचा हिरवा), रिलेचे कॉन्टॅक्ट, जाड वायर, कपलर (वायरींचा प्लग), मोटर, परत कपलर, मग बॉडी अर्थ, आणि बॉडीतून बॅटरी मायनस. या रस्त्याने दहा-बारा अँपिअर जातात, आणि मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. कॉइलच्या रस्त्याने मात्र जेमतेम १५० मिलिअँपिअर, कारण कॉइल ८० ओहमची आहे. मुकादमाने नुसती हाक मारायची आणि पोतं हमालाने उचलायचं तसं आहे ते. ईसीयूमधून थेट बारा अँपिअर नेले तर ईसीयू गेलाच समजा.

रिलेच्या पायांवर आकडे असतात ते बहुतेक ठिकाणी सारखेच: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा प्लस, ८७ म्हणजे पुढे फॅनकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे. पाचवा पाय असेल तर तो ८७ए, रिले बंद असताना ३० ला जोडलेला, फॅनच्या कामाला तो लागत नाही.

एसीचा वेगळा नियम. एसीचं बटण दाबलं आणि कंप्रेसर लागला की ईसीयू तापमान न बघताच फॅन लावतो, आमच्या गाडीत तरी. म्हणून फॅन चालतोय का एवढंच बघायचं असेल तर इंजिन तापायची वाट बघायची गरज नाही, एसी लावा.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत ईसीयूच नसायचा, रेडिएटरच्या खालच्या टाकीत थर्मोस्विच बसवलेला, आत वाकणारी धातूची पट्टी, ठरलेल्या तापमानाला चिकटणार आणि पाच-एक डिग्री उतरलं की सुटणार. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि फॅन फिरला की स्विच गेला, विषय संपला.

१४ एप्रिल, संध्याकाळ

सांगणारा भाग तपासला. ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर लाइव्ह आकडे. सकाळीच, गाडी रात्रभर उभी असताना, कूलंट २८ आणि इनटेक हवेचं तापमान २८, दोन्ही सेन्सर वेगवेगळे आणि आकडा एकच, याच्याहून स्वस्त टेस्ट नाही. आता गरम करत नेली तर आकडा न अडखळता वर गेला, ९७ ला फॅन ऑन, ९२ ला ऑफ. मधला पाच डिग्रीचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर ९७ वर रिले टकटक करत बसला असता.

सेन्सरचा कपलर काढूनही बघितलं. मोबाईलवर कूलंट थेट उणे ४०, इंजिनचा दिवा लागला, पी ०११८ हा बिघाडाचा कोड आला, आणि फॅन लगेच चालू. सेन्सरची वायर तुटली की ईसीयू वाईटात वाईट धरून चालतो आणि फॅन सतत लावून ठेवतो. म्हणजे सेन्सरचं कनेक्शन तुटलं असतं तर फॅन थांबलाच नसता. गॅरेजवाल्यांचं निदान उलट्या बाजूचं होतं. कपलर परत लावला, कोड पुसला.

तेवढ्यात एक गोष्ट दिसली ती आधी कुणी सांगितली असती तर दोन संध्याकाळ वाचल्या असत्या. अंधार पडला होता, गाडी पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून उभी, हेडलॅम्प चालू होते. फॅन लागला की भिंतीवरचा डावा गोल पिवळट पडायचा, उजवा तसाच. फॅन बंद झाला की डावा परत पांढरा. तीन-चार वेळा एसी ऑन-ऑफ करून बघितलं, दर वेळी तेच.

बॅटरी किंवा अल्टरनेटर कमी पडत असता तर दोन्ही दिवे मंद झाले असते. एकच होतोय म्हणजे डावा दिवा आणि फॅन यांच्यात काहीतरी सामायिक आहे, आणि दोघांचे फ्यूज तर वेगळे आहेत. उरला मायनस.

१९ एप्रिल, शनिवार

करणारा भाग. आधी सावधगिरी: हा फॅन कधीही लागू शकतो, काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा, त्यामुळे पात्यांजवळ हात, ओढणी, मफलर, लोंबणारी प्रोबची वायर काहीही नको, आणि कपलर उघडायचा तर बॅटरीचा मायनस आधी काढायचा.

मीटर डीसी २० व्होल्टवर. इंजिन चालू, एसी चालू, फॅन फिरतोय. बॅटरीवर १३.८. मग फॅनच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक पिना सरकवून मोटरच्या दोन टोकांत मोजलं तर ९.९. चार व्होल्ट कमी! फॅन फिरतो, दिसायला झकास फिरतो, नुसत्या डोळ्याने कुणाला कळणार नाही, पण तीन चतुर्थांश व्होल्टवर. आणि फॅनच्या बाबतीत हे भलतं महागात पडतं, कारण स्पीड थोडा कमी झाला तरी पात्यांना लागणारी ताकद घनाच्या हिशोबाने घसरते. स्पीड ८० टक्के म्हणजे ताकद जवळजवळ अर्धी.

हे चार व्होल्ट हवेत जात नाहीत, रस्त्यात कुठेतरी खर्च होत असतात, आणि कुठे ते मीटर सांगतो, फक्त फॅन चालू असताना विचारायला पाहिजे. बॅटरीच्या प्लसवर एक प्रोब आणि मोटरच्या प्लसवर दुसरा: ०.६. बॅटरीच्या मायनसवर एक आणि मोटरच्या मायनसवर दुसरा: ३.३. बेरीज करा, ९.९ अधिक ०.६ अधिक ३.३ बरोबर १३.८. हिशोब जुळला की माणसाला बरं वाटतं. तीन-साडेतीन व्होल्ट मायनस बाजूला आणि डावा दिवाही तेच सांगत होता.

मग तुकडे पाडले. कपलरच्या दोन बाजूंत ०.३. वायरच्या लांबीत ०.१. आणि डाव्या हेडलॅम्पच्या मागे, बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट आहे तिथे एक प्रोब वायरच्या थिंबलवर (टोकाची धातूची कडी) आणि दुसरा दोन इंचांवर बॉडीच्या खरडलेल्या पत्र्यावर: २.९. दोन इंचांत २.९ व्होल्ट. तसंच चालू ठेवलं तर दहा मिनिटांत ४ च्या वर गेलं, म्हणजे जोड तापतोय आणि तापला की अजून खराब होतोय. सिग्नलला "हळूहळू" काटा चढण्यात याचाही हात असणार.

शेजारच्यांचा डीसी क्लॅम्प मीटर आणला होता (साधा क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या विजेसारखा एसी करंट दाखवतो, हा एसी म्हणजे गार हवेचा नव्हे, गाडीला उपयोग शून्य, घेताना डीसी लिहिलंय का बघा). ७.५ अँपिअर. २.९ गुणिले ७.५ म्हणजे जवळपास २२ वॉट त्या एका बोल्टखाली नुसते जळतायत. बोल्टला बोट लावून बघवेना.

आता गंमत बघा, हाच जोड फॅन बंद करून ओहमवर मोजला तर ०.५ च्या आसपास आकडा येतो, त्यात मीटरच्या स्वतःच्या वायरींचे ०.२ गेले की उरतात ०.३-०.४. कुणीही म्हणेल चांगला आहे की! कंटिन्यूइटीची शिट्टीपण खणखणीत वाजते. मीटर ओहमवर असताना मिलिअँपिअरच्या घरात करंट सोडतो, तेवढ्याला कुजका जोडसुद्धा पुरतो. इथे लोड चालू ठेवून व्होल्टच मोजायचे, दुसरा इलाज नाही.

२० एप्रिल, रविवार

बोल्ट उघडला. एम६, १० चा पाना. खाली दोन थिंबल, एक फॅनचं एक डाव्या हेडलॅम्पचं, दोन्ही काळपट-हिरवी. आणि थिंबलच्या खाली पत्र्यावर अख्खा गुळगुळीत रंग. दोनेक वर्षांपूर्वी डाव्या कोपऱ्याचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, तेव्हा पॅनल रंगवलं आणि अर्थ परत त्या रंगावरच बसवला. रंग म्हणजे इन्सुलेशन, त्यामुळे सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि आट्यांत गंज चढत गेला तसं सर्किट आक्रसत गेलं. काम करणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही, तेव्हा दिवा लागला होता, फॅन फिरला होता, दिसायला सगळं ठीकच होतं.

बॅटरी मायनस काढून कामाला लागलो. पॉलिश पेपरने थिंबलच्या आकाराएवढा गोल पत्रा चमकेपर्यंत घासला, आट्यांतून टॅप फिरवला, थिंबल दोन्ही नवीन, क्रिंप करून (दाबून बसवून) वर हीट श्रिंक स्लीव्ह. क्रिंपच्या आत वायर चमकदार तांब्याची दिसेपर्यंत मागे कापत गेलो कारण पहिले दोन सेंटिमीटर काळे पडले होते. दातेरी वॉशर पत्रा आणि थिंबलच्या मध्ये, मग बोल्ट कडक आवळून बाहेरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, आवळल्यावर, पत्रा आणि थिंबल कोरडेच भेटले पाहिजेत.

मोजलं. मायनस बाजू ३.३ वरून ०.६. मोटरवर १२.३. प्लस बाजू मात्र ०.६ ची ०.९ झाली, आणि हे बरोबरच आहे, करंट वाढून ११ च्या वर गेला ना, मग त्याच रेझिस्टन्सवर जास्त व्होल्ट पडणार. आधी लपलेलं आता दिसायला लागलं. फ्यूजच्या दोन टोकांवर मोजलं तर किरकोळ. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये ०.६. कॉन्टॅक्ट जळालेत. रिले उघडून बघितला तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला त्याच आकाराचा काळा फोड. टक वाजतो म्हणजे कॉइल चांगली, कॉन्टॅक्टबद्दल तो आवाज काहीच सांगत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नाना पेठेतून रिले आणला, १२ व्होल्ट ४० अँपिअर. दुकानदार आधी म्हणाला, "हा पण चालेल दादा," आणि आत डायोडवाला दिला. कॉइल बंद होताना उलटा व्होल्टेजचा झटका देते, तो गिळायला कॉइलला समांतर डायोड किंवा रेझिस्टर लावलेला असतो. रेझिस्टरवाला कसाही चालतो, डायोडवाल्याला ८५-८६ ची दिशा असते, ती चुकली तर डायोड थेट प्लस-मायनसमध्ये येतो आणि ईसीयूचा ट्रान्झिस्टर धोक्यात. आमच्या सॉकेटला ओरिजिनल रेझिस्टरवाला होता, तोच परत घेतला.

बसवण्याआधी सॉकेट तपासलं: ३० वर चावी नसतानाही प्लस, ८६ वर चावी ऑन केल्यावर प्लस, ८५ ईसीयूकडे, तिथे मीटरच लावायचा, बल्बवाला टेस्ट लॅम्प नको. ३० वर मात्र उलट, मीटरपेक्षा जुना हेडलॅम्पचा बल्ब बरा. ५५-६० वॉटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो, वायरीत एकच तार उरली असेल तर मीटर बारा व्होल्ट दाखवून फसवेल, बल्ब मिणमिणून खरं सांगेल.

नवीन रिलेवर आकडे: बॅटरी १३.८, प्लस बाजूला ०.४, मायनसला ०.६, मोटरवर १२.८, करंट १२ च्या जवळ. आवाजातच फरक, आधी गुणगुणायचा आता खरा वारा लागतो. डावा दिवा हलत नाही.

बाबांनी विचारलं, मग गॅरेजवाल्याने डायरेक्ट करून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं हे की डायरेक्ट म्हणजे फक्त प्लस बाजू बदलणार, अर्थ तोच कुजका. गाडी तशीच तापली असती. शिवाय रिले गाळून इग्निशनवरून प्लस घेतात बरेच जण, म्हणजे बारा अँपिअर चावीच्या स्विचमधून, तो वितळला की भर रस्त्यात गाडी बंद. आणि दिवसभर फिरून मोटरचे कार्बन (ब्रश) घासणार ते वेगळंच. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला डायरेक्ट ठीक आहे, त्याला माझी ना नाही, पण घरी पोचल्यावर काढायचं.

१ मे, गुरुवार

सुट्टी असूनही स्वारगेटला गर्दी होती, मुद्दाम दुपारी दोनला काढली, एसी फुल, चौघं आत. मोबाईलवर कूलंट ९३ ते ९५, सिग्नलला उभं असताना. कात्रजचा जुना घाट दुसऱ्या गिअरवर चढवला तेव्हा एकदा ९८, वर पोचून गाडी उभी केली तर दोन मिनिटांच्या आत ९२. एसी शेवटपर्यंत गार.

मावसभावाचा फोन येऊन गेला, त्याच्या गाडीत फॅनला दोन स्पीड आहेत आणि लो लागतच नाही, हाय लागतो. दोन स्पीडच्या साध्या सर्किटमध्ये लो साठी वाटेत एक जाड रेझिस्टर टाकलेला असतो, हाय ला दुसरा रिले तो रेझिस्टर टाळून थेट देतो. हाय चालतोय म्हणजे मोटर, अर्थ, मोठा फ्यूज सगळं चांगलं, बघायचं ते रेझिस्टर आणि लो चा रिले. रेझिस्टर फॅनच्या हवेतच शेजारी बसवलेला असतो, गरम होतो म्हणून, आणि बऱ्याचदा तोच जळतो. त्याला सांगितलंय मीटर घेऊन रविवारी ये.

आमच्या गाडीत अजून बाकी: कपलरमधले ०.३ व्होल्ट, आता करंट वाढल्यावर ते किती झालेत ते मोजायचं राहिलंय. प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडलंय. नवीन कपलर पिगटेलसकट (जोडलेल्या छोट्या वायरींसकट) मिळतो का बघतो, जोड रेडिएटरपासून लांब घ्यायचा आणि तिथेही क्रिंपच, सोल्डर नको, इंजिनच्या थरथरीने सोल्डरच्या कडेला वायर तुटते.